ऑरिन की गोष्टींचं पाणी?

दोन कादंबऱ्यांत कल्पनाशक्तीची दोन जादुई रूपं आहेत, त्यातलं जास्त भारी कोणतं? मिखाएल एंडेच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'त (१९७९) ऑरिन नावाचं पदक आहे, दोन साप एकमेकांची शेपटी तोंडात धरून बसलेत, आणि मागे लिहिलंय की हवं ते कर. पुस्तक वाचता वाचता त्यातल्याच जगात शिरलेला मुलगा बास्टियन ते गळ्यात घालून इच्छा करतो, जग उभं राहतं, पण दर इच्छेला त्याची स्वतःची एकेक आठवण जाते, शेवटी तर नावही. म्हणजे कल्पनेत रमायची किंमत आहे, आणि ती लगेच कळतही नाही, हेच भारी!

सलमान रश्दींच्या 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज'मध्ये (१९९०) मात्र गोष्टी सांगणाऱ्या बापाकडे गोष्टींच्या पाण्याचं चक्क नळ कनेक्शन आहे, ते तोडायला जिन अवजार घेऊन येतो. मस्त विनोदी. आणि समुद्र म्हटला की सोमदेवाचा कथासरित्सागर आठवतोच. इथे धोका बाहेरून येतो, कोणीतरी समुद्रात विष कालवतंय, रश्दींना मारण्याच्या फतव्यानंतर लिहिलेलं पुस्तक म्हटल्यावर ते झोंबतंच.

माझं मत ऑरिनला. नळाची आयडिया जास्त गोड आहे, पण पदक गळ्यात घालणाऱ्यालाच बदलतं, नळ तसं करत नाही. आणि गंमत म्हणजे बास्टियनला घरी परतायला लागणारं जीवनाचं पाणी शेवटी ऑरिनच्या आतच सापडतं.