आठ महिने ‘मिक्स’ वापरल्यावर: आकडा जुळतो, सम जुळवावी लागते

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी साडेसहाला मी बायकांचा एरोबिक्सचा वर्ग घेते, 45 मिनिटांचा. दोन गाण्यांच्या मधे तीन सेकंद जरी शांतता पडली तरी पाय थांबतात, आणि थांबलेले पाय पुन्हा लयीत यायला अर्धं गाणं जातं. म्हणून लॅपटॉपवर ‘मिक्स’ हे गाणी एकमेकांना जोडायचं डीजे सॉफ्टवेअर टाकलं. स्पेलिंगच्या शेवटी तीन एक्स आहेत, शोधताना लक्षात ठेवा. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

दोन डेक, म्हणजे गाणी वाजवायचे दोन प्लेअर, असतात. एकावर चालू गाणं, दुसऱ्यावर पुढचं. प्रत्येक गाण्याचे बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते सॉफ्टवेअर स्वतः मोजतं. सिंक दाबलं की पुढचं गाणं आधीच्याच्या वेगात येतं. की-लॉक मात्र चालू ठेवा, नाहीतर वेगाबरोबर गाण्याची पट्टीही चढते.

सुरुवातीला मी निव्वळ सिंकवर विसंबले. कॉम्प्युटरवर ताल बांधलेली नवी गाणी चपखल बसायची, जुनी बसेनात. जुन्या गाण्यातली ढोलकी माणसानं वाजवलेली, ती अंतऱ्याला जराशी चढतेच. आपण 120 धरलं आणि गाणं तिथं 120.5 ला असलं, तर मिनिटभरात अर्धा ठोका सरकतो. आता अशा गाण्यांसाठी सेटिंगमधली ‘टेम्पो स्थिर आहे’ ही खूण काढून गाणं पुन्हा तपासायला लावते, आणि सांधा, म्हणजे दोन्ही गाणी एकत्र वाजतात तो भाग, 16 ठोक्यांत उरकते. 120 च्या वेगाला ते 8 सेकंद होतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. एकदा दोन्ही डेकवर आकडा तंतोतंत सारखा, तरी सांध्यावर सगळ्याजणी गोंधळल्या. कुणी डावा पाय टाकला, कुणी उजवा. तिसऱ्या मजल्यावरचे काका भजनी मंडळात तबला वाजवतात. त्यांना ऐकवलं. मांडीवर ताल धरत ते म्हणाले, “अगं, हा दादरा आणि तो केरवा. सहा मात्रा आणि आठ मात्रा. चोवीस मात्रांनी एकदा समा भेटणार, तोवर पायांनी काय करायचं?” सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. त्याच दिवशी दोन क्रेट (गाण्यांचे गट) केले, एक दादऱ्याचा, एक केरव्याचा. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तेव्हा गाणी एकमेकांवर चढवतच नाही. पहिलं समेवर तोडते आणि दुसरं समेवरच सुरू करते. त्यासाठी प्रत्येक गाण्याच्या पहिल्या समेवर हॉटक्यू, म्हणजे बटण दाबताच गाणं जिथून सुरू होतं ती खूण, लावून ठेवलाय. हे काम कानानंच करावं लागतं, एका गाण्याला दहा मिनिटं जातात, पण एकदाच.

70 बीपीएम दाखवलेलं गाणं कधी खरं 140 चं असतं. उजवं क्लिक करून दुप्पट करता येतं. पुढचं गाणं हेडफोनवर आधी ऐकायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, साधं यूएसबी साउंड कार्ड आणलं. जुन्या लॅपटॉपवर आवाज तडतडायचा, सेटिंगमधला बफर (आवाजाचा आगाऊ साठा) वाढवल्यावर थांबला.

वेग मी पाच टक्क्यांहून जास्त बदलत नाही. फार ताणलं की की-लॉक असूनही ढोलकीची थाप बोथट होते आणि ते मला सहन होत नाही. सांधा झाला की पहिल्या कडव्यात वेगाचा स्लायडर हळूहळू सरकवून गाणं त्याच्या मूळ वेगावर आणते. काल असंच सात गाण्यांत 104 वरून 128 ला पोचलो. एकीचेही पाय थांबले नाहीत.