ठाण्याच्या नौपाड्यातला सापेक्षतेचा रविवार वर्ग: तिसऱ्या रविवारी पैसे वसूल

मी लोकलचा गार्ड होतो, राहायला कळव्याला. सगळी नोकरी वेळ टिपण्यात गेली, म्हणून नातवाने परस्पर नाव घातलं. चार रविवार, दहा ते बारा, फी 1,200 रुपये.

आधी कुरकुर. दुसरा मजला, लिफ्ट बंद. पहिला रविवार आइन्स्टाइनच्या चरित्रात गेला. 1905 साली तो बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला होता, हे सांगायला चाळीस मिनिटं कशाला? दुसऱ्या रविवारी जुळ्या भावांचं कोडं तर पार गुंडाळलं. प्रचंड वेगाने अंतराळात जाऊन परतलेला भाऊ तरुण राहतो, ठीक. पण त्याच्या दृष्टीने घरचाच भाऊ पळत होता की! परत फिरताना प्रवाशाची चौकट, म्हणजे तो ज्या वेगाने जात मोजतो ती बाजू, बदलते, घरच्याची नाही, हे मला घरी नातवाने समजावलं.

तिसऱ्या रविवारी मात्र मॅडमनी फळ्यावर गाडी आणि बोगदा काढला. मी म्हटलं, "आमच्या कळव्याजवळचा पारसिकचाच घ्या की, 1.3 किलोमीटर." त्यांनी लगेच आकडे बदलले. गाडी 2.6 किलोमीटरची, वेग प्रकाशाच्या 86.6 टक्के. इतक्या वेगात पळती वस्तू आखूड भरते, म्हणून रुळाकडेच्या माणसाने मोजली तर गाडी निम्मी भरते, म्हणजे बोगद्यात बरोबर मावते. दोन्ही तोंडांची दारं एकदम लावून लगेच उघडली, तरी कुठे घासत नाही. पण गाडीतून मोजलं तर बोगदाच निम्मा, 650 मीटर! मग मावली कशी?

मी विचारलं, "मॅडम, दारं एकदम लागली, ती कोणाच्या घड्याळाने?"

"काका, कोडं सुटलं तुमचं," म्हणाल्या.

मग त्यांनी आलेखाच्या कागदावर, आडवं अंतर आणि उभा वेळ धरून, दोन दारं लागण्याचे दोन ठिपके काढले आणि स्वेटरची सुई ठेवली. सुई आडवी असली की दोन्ही ठिपके एकदम शिवते. हा रुळाकडचा 'आत्ता'. तिरकी धरून वर सरकवली की बाहेर पडायच्या तोंडाचा ठिपका आधी, आत शिरायच्या तोंडाचा नंतर. हा गाडीतला 'आत्ता'. गाडीच्या घड्याळांनी पुढचं दार 7.5 मायक्रोसेकंद आधीच लागून उघडतं. तेवढ्यात गाडीचं तोंड 1,950 मीटर बाहेर पडतं, शेपूट आत येतं आणि तेव्हा कुठे मागचं दार लागतं. 650 अधिक 1,950, झाले 2,600. हिशोब चोख! मी सुई स्वतः तीनदा सरकवून पाहिली. मोटरमन अडीचशे मीटर पुढे, मी शेवटच्या डब्यात, मधे दोन घंटांची खूण. आम्हा दोघांचा 'आत्ता' एकच, असं मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. तसा तो होताही, दोघे एकाच गाडीत ना!

छापील टिपणात मात्र याच आकृतीखाली नुसतं 'दोन्ही दारे एकाच वेळी बंद' असं लिहिलंय, कोणासाठी ते नाही. सगळी गोम तिथेच आहे. मी पेनाने दुरुस्त केलं, मॅडमना दाखवलं, त्यांनी निमूट मान्य केलं.

चौथा रविवार प्रश्नोत्तरांचा, बरा. चहा पाणचट. जाणार असाल तर आलेखाची वही घरून न्या, तिथे एकेक सुटा कागद देतात. आणि खिडकीकडे बसू नका, गोखले रोडच्या हॉर्नमध्ये मागचं काही ऐकू येत नाही.