डब्यावर ९० वॉट, ॲडाप्टरवर २४

प्लांटेड टँकच्या, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीच्या, लाइटमध्ये झालेली फसवणूक लगेच लक्षात येत नाही, आणि ती करणाऱ्याचा धंदा नेमका या उशिरावरच चालतो. फिल्टर बंद पडला तर त्याच दिवशी कळते. कमी ताकदीचा लाइट मात्र डोळ्यांना लखलखीतच दिसतो, आणि काही आठवड्यांनी वनस्पती कुजू लागतात तेव्हा त्याचे खापर पाण्यावर, खतावर किंवा आपल्या हातगुणावर फोडायला विक्रेता मोकळा असतो. कोल्हापुरातल्या एका दुकानात मला जो अनुभव आला, तो नव्याने टँक मांडणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण तक्रार अजून प्रलंबित आहे.

माझा टँक तीन फुटी, दीड फूट उंचीचा आणि साधारण १५० लिटर पाण्याचा आहे. तळाशी माँटे कार्लो या बुटक्या, पसरणाऱ्या पाणवनस्पतीचा गालिचा आणि मागे लाल रोटाला लावायचा बेत मी दुकानात स्पष्ट सांगितला होता. या दोन्ही वनस्पतींना चांगला तीव्र प्रकाश लागतो. अनुबियास किंवा जावा फर्नसारख्या त्या मंद उजेडात तग धरत नाहीत. विक्रेत्याने ‘इम्पोर्टेड, फुल स्पेक्ट्रम, ९० वॉट’ असे छापलेला एक डबा पुढे केला आणि साडेचार हजार रुपये सांगितले. “डोळे झाकून न्या साहेब, वर्षभर आमची गॅरंटी हाय की,” हे त्याचे शब्द. पक्के बिल मागितल्यावर ‘जीएसटी वर पडेल’ असे म्हणून त्याने कागदाच्या कपट्यावर फक्त रक्कम लिहून दिली. सुदैवाने पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे व्यवहाराची नोंद तरी राहिली.

पुढे जे झाले ते या छंदातल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. रोटालाची लाली उतरून पाने फिकट हिरवी झाली, दोन पेरांमधले अंतर वाढत गेले, खालची पाने गळू लागली आणि माँटे कार्लो तळाशी पसरण्याऐवजी उजेडाच्या शोधात वर ताणली. मी दुकानात फोटो दाखवले तेव्हा लाइट रोज बारा तास चालू ठेवण्याचा सल्ला मिळाला. तीव्रतेची उणीव तासांनी भरून निघत नाही. गरजेपेक्षा कमी प्रकाशात वनस्पतीची वाढ खुंटते, तिच्या कुजणाऱ्या पानांतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि थोडक्या उजेडावर भागणाऱ्या शेवाळाला हे लांबलेले तास आयतेच मिळतात. काचांवर हिरवे ठिपके आणि लाकडावर केसाळ शेवाळ आले, तसे त्याच दुकानाने आधी शेवाळ मारण्याचे औषध, मग द्रवरूप खत आणि शेवटी सीओटूचा (पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा) संच घेण्याचा आग्रह धरला. औषधाच्या बाटलीवर तांबे हा घटक लिहिलेला होता. तांब्याने श्रिंप आणि गोगलगायी मरतात. याबद्दल विक्रेता चकार शब्द बोलला नाही.

उलगडा झाला तो शिवाजी उद्यमनगरात. तिथे मोटर रिवाइंडिंगचे काम करणारा माझा एक मित्र आहे. त्याने लाइटकडे पाहिलेही नाही, सरळ ॲडाप्टर उलटा केला. मागे बारीक अक्षरांत ‘आउटपुट १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर’ असे छापलेले होते. व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट, म्हणजे तो ॲडाप्टर २४ वॉटच्या वर देऊच शकत नव्हता. “भावा, ॲडाप्टरच चोवीसचा हाय, मग लाइट नव्वदचा कुठनं असंल?” वॉटमीटर लावून पाहिले तर भिंतीतून जेमतेम २१ वॉट ओढले जात होते. लाइटच्या पाठीवरचे चकचकीत स्टिकर नखाने उचलले, तेव्हा त्याखाली दुसऱ्याच नावाचे आणि मॉडेलचे लेबल निघाले. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे एक्स्पोजर अगदी कमी करून दिव्यांचा फोटो काढल्यावर एकेक चिप वेगळी दिसली: सगळ्या पांढऱ्या, मध्येमध्ये काही निळ्या, आणि लाल एकही नाही. हरितद्रव्य प्रामुख्याने निळा आणि लाल प्रकाश शोषते. पांढऱ्या चिपमध्ये लाल अंश असतो खरा, पण निळसर थंड पांढऱ्या चिपमध्ये तो फारच थोडा असतो, त्यामुळे डब्यावरचा ‘फुल स्पेक्ट्रम’ हा शब्द निव्वळ सजावटीचा होता. आयपी६८ (पाण्यात बुडूनही टिकण्याचे) आणि सीई (युरोपीय सुरक्षा-मानकांचे) ही चिन्हेही डब्यावर होती. छापायला काय, शाई लागते. जलरोधक म्हणवणाऱ्या त्या लाइटच्या काचेच्या आत वाफेचे थेंब जमलेले होते, आणि पाण्याच्या वर टांगलेल्या विजेच्या वस्तूबाबत मला सगळ्यात गंभीर बाब हीच वाटते.

ॲडाप्टर आणि एलईडी ड्रायव्हर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा हा क्रमांक वस्तूवर असावा लागतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. माझ्या ॲडाप्टरवर असा क्रमांकच नव्हता.

दुकानात हे सगळे मांडल्यावर आधी ‘९० वॉट म्हणजे तेवढ्या वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड’ असा खुलासा झाला, मग पैसे परत न देता त्याच कंपनीचा दुसरा लाइट ‘ॲडजस्ट’ करून देण्याची तयारी दाखवली गेली, आणि अखेर ‘बिल कुठाय तुमच्याकडं?’ हा प्रश्न आला. बिल न देण्यामागचे कारण तेव्हा उघड झाले. प्रत्यक्षात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिच्यासोबत यूपीआयची नोंद, डब्याचे, ॲडाप्टरचे व दोन्ही लेबलांचे फोटो आणि वॉटमीटरच्या आकड्याचा फोटो दिला.

दरम्यान मी नामांकित भारतीय कंपनीचा, नोंदणी क्रमांक असलेला ५० वॉटचा, ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या रंगाचा) साधा एलईडी फ्लडलाइट पक्क्या बिलासह घेतला आणि पाण्यापासून फूटभर उंचीवर टांगला. दिसायला तो अगदीच ओबडधोबड आहे, टँकपेक्षा गोदामात शोभेल असा, पण माँटे कार्लोने तळ धरला आहे. सुरुवातीला तो रोज सहाच तास ठेवला आणि नवी पालवी नीट दिसल्यावर आठ तासांवर नेला. टायमर बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल घेतला, कारण पावसाळ्यात वीज गेली की चक्रीचा साधा टायमर तेवढ्या वेळाने मागे पडतो आणि लाइट अवेळी लागतो. उडालेल्या थेंबांचे क्षार काचेवर साचून उजेड अडवतात, म्हणून लाइट बंद करून, प्लग काढून आणि तो थंड झाल्यावर व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसतो. वायरला प्लगच्या खाली एक झोळ दिला आहे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी बोर्डात न जाता तिथूनच खाली टपकते.

विक्रेत्याने हेल्पलाइनला अजून उत्तर दिलेले नाही. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मिळते. अर्जाची तयारी चालू आहे, आणि जुना लाइट डब्यासकट तसाच बांधून ठेवला आहे.