मागचा एक्सल वाकला: सरळ करावा, जुना बसवावा की नवा?

पुण्यात खड्ड्यांचं कुणाला नवल नाही. पण मागचं चाक दुभाजकाच्या कडेवर जोरात आपटलं, की दुखणं वेगळंच. रस्ता सरळ असूनही स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, मागच्या एका टायरची आतली कड झिजते आणि गॅरेजवाला सांगतो, "एक्सल बेंड आहे साहेब."

लगेच हो म्हणू नका. आधी रिम वाकलंय का ते बघा, मग चारही चाकांचं अलाइनमेंट तपासून छापील रीडिंग हातात घ्या. स्विफ्ट, बलेनो, आय-२० यांसारख्या छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा एकच आडवा सांगाडा, गॅरेजवाला एक्सल म्हणतो तो हाच. त्यात टो (चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) किंवा कॅम्बर (चाक उभ्यात कललेलं असल्याचा कोन) फिरवून जुळवायची सोय सहसा नसते, म्हणून मागचं रीडिंग लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, आलं तर काहीतरी खरंच वाकलंय. "पुढून सेट करून देतो" म्हणणारे भेटतील. त्याने स्टिअरिंग सरळ होईल, टायर मात्र झिजतच राहील. काही गाड्यांत चाकाचा स्टब (चाक ज्यावर फिरतं तो टोकाचा दांडा) बीमला बोल्टने बसवलेला असतो. तेवढाच वाकला असेल तर खर्च बराच कमी होतो, तेव्हा हे मुद्दाम विचारा.

आता पर्याय. तापवून, दाबून सरळ करणं सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सरळ नकार द्यावा असं. तापवल्याने पोलादाची ताकद घटते, वेल्डिंगजवळ बारीक चीर पडू शकते आणि ती रंगाखाली दिसत नाही. मोठ्या गाड्यांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मबाबत (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दांडे) तर हा विचारही करू नये.

जुना भाग घेणं इतकं वाईट नाही, विशेषतः गाडी दहा वर्षांची असेल तर. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांकडे चौकशी करा, जुन्या मालाचा पत्ता तिथे कुणी ना कुणी देतंच. फक्त तो बीम कुठल्या गाडीतून निघाला ते विचारा. मागून ठोकलेल्या गाडीचा असेल तर तुमचाच आजार पुन्हा विकत घ्याल. मॉडेलची पिढी, ड्रम की डिस्क आणि एबीएस सेन्सरची जागा जुळवून घ्या. बुश (बीम गाडीला जोडतात तिथले रबरी तुकडे) मात्र नवेच टाका, कारण बीम पुन्हा उतरवायची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जड पडते.

गाडी पाच-सहा वर्षांच्या आतली असेल तर मी नवाच बसवीन. प्रश्न उरतो तो विम्याचा, आणि लोक गडबडतात ते इथेच. समजा बिल २०,००० आहे: १५,००० चा बीम आणि ५,००० मजुरी. तीन ते चार वर्षांच्या गाडीत धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापला जातो, म्हणजे ३,७५०. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला वर १,००० सक्तीची कपात. हाती येतात १५,२५०.

आता दुसरी बाजू. सध्या नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ३५ टक्के असेल तर क्लेम न केल्यास तो पुढे ४५ आणि मग ५० होतो. केल्यास शून्यावरून पुन्हा २०, २५ असा चढतो. बोनस धरण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) १०,००० वरच स्थिर धरला, तर पाच वर्षांत १२,००० जादा जातात. प्रत्यक्षात गाडीची किंमत उतरते तसा हा आकडा थोडा कमी होईल. म्हणजे झीरो डेप (घसारा न कापणारं जादा विमा संरक्षण) नसताना २०,००० च्या बिलावर क्लेमचा फायदा तीन-चार हजारांचा. बिल १५,००० च्या आसपास असेल तर खिशातून भरा. झीरो डेप किंवा बोनस राखणारं अ‍ॅड-ऑन असेल तर मात्र गणित क्लेमकडे झुकतं.

क्लेम करायचाच असेल तर सर्व्हेअर (विमा कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत गॅरेजवाल्याला एक बोल्टही खोलू देऊ नका. आपटलेल्या रिमचा आणि दुभाजकाचा फोटो त्याच दिवशी काढा. कारण धक्क्याने झालेलं नुकसान विम्यात बसतं, झीज बसत नाही, आणि उघडून ठेवलेल्या एक्सलवरून फरक दाखवणं कठीण जातं.