पन्नाशीनंतर पुन्हा स्केटिंग: बडोद्यातली चाके की दूरचा बर्फ?

तरुणपणी परदेशात शिकताना किंवा नोकरी करताना बर्फावरचे स्केटिंग शिकलेली, नंतर संसाराच्या रगाड्यात ते सुटलेली आणि आता पन्नाशी-साठीत पुन्हा सुरू करू पाहणारी माणसे बडोद्याच्या मराठी घरांत वाटतात तितकी थोडी नाहीत. मुले टोरांटोला किंवा न्यू जर्सीला स्थायिक झालेली असतात, हिवाळ्याचा मुक्काम तिकडे घडतो, नातवंडांना रिंकवर सोडायला जावे लागते आणि जुनी ओढ जागी होते. अशा माणसापुढे तीन मार्ग असतात: बडोद्यातच चाकांच्या स्केट्सवर सुरुवात करणे, देशातल्या एखाद्या बर्फाच्या रिंकवर ठरवून जाणे, किंवा पुढच्या परदेशवारीपर्यंत थांबणे. माझ्या मते पहिला मार्ग बहुतेकांसाठी योग्य आहे, मात्र तो बर्फाची जागा घेईल अशी अपेक्षा ठेवू नये.

मार्ग निवडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुन्हा सुरू करणाऱ्याचा धोका नवशिक्याच्या धोक्याहून वेगळा असतो. नवशिका कठडा सोडत नाही. जुन्या माणसाच्या पायांना मात्र ढकलण्याची आणि सरकण्याची लय लवकर आठवते, वेग येतो, आणि त्या वेगाला आवर घालण्यासाठी लागणारी मांड्यांची ताकद, घोट्यांची लवचीकता आणि तोल सावरण्याची तत्परता मधल्या वीस-पंचवीस वर्षांत कमी झालेली असते. म्हणून वेग जिथे आपल्या ताब्यात राहील, ती जागा आणि ते साधन आधी निवडावे.

चाकांमध्ये दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक मोठा आहे. क्वाड म्हणजे दोन पुढे, दोन मागे अशी चार चाके असलेले स्केट. अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि त्यातली युक्ती अशी की चाकांच्या आसांवरचे रबर दबल्यामुळे पाय ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला स्केट वळते. उभे राहताना ते स्थिर असते, त्यामुळे भीती लवकर जाते. इनलाइनमध्ये चाके एका ओळीत असतात. अमेरिकेतील मिनेसोटात १९८० च्या सुमारास दोन हॉकीपटू भावांनी बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव चालू राहावा म्हणूनच त्याला आजचे रूप दिले, आणि म्हणून बर्फावर परतणाऱ्याला ते अधिक जवळचे वाटते: एका पायावर उभे राहणे, घोटा आत किंवा बाहेर झुकवून स्केटच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर जाणे, लांब सरकत जाणे, या सगळ्या सवयी बर्फावर उपयोगी पडतात.

मात्र थांबण्याची सवय बर्फावर तशीच नेता येत नाही. इनलाइनच्या टाचेला रबरी ब्रेक असतो, बर्फाच्या स्केटला तो नसतो; बर्फावर बुटाखालचे धातूचे पाते आडवे करून बर्फ खरवडत थांबता येते, तर इनलाइनची चाके जमिनीला धरून ठेवतात आणि तसा प्रयत्न करणारा पुढे फेकला जातो. बर्फावरच्या जुन्या खेळाडूने इनलाइन घातल्यावर आधी फक्त थांबणे शिकावे. दुसरा फरक पात्याच्या वक्रतेचा. फिगर स्केटचे पाते पुढून मागे किंचित गोलाईचे असते, म्हणून एका बिंदूवर फिरता येते. साध्या इनलाइनची चारही चाके सपाट रेषेत टेकतात, त्यामुळे एका पायावरची वळणे अवघड जातात. मधली दोन चाके थोडी खाली बसवली की ही अडचण बरीच कमी होते, पण स्थैर्यही कमी होते, म्हणून हा बदल सुरुवातीला करू नये.

बडोद्यात खरा प्रश्न जमिनीचा आहे. रस्ते या वयाच्या माणसासाठी नाहीतच. बारीक रेती, गतिरोधक आणि मध्येच येणारी गुरे यांतले एकही कारण पुरेसे आहे. कमाटी बागेतल्या वाटा सकाळी चालणाऱ्यांच्या असतात. उरतात शाळांच्या आणि क्लबांच्या सिमेंटच्या रिंक, जिथे संध्याकाळी मुलांचे वर्ग भरतात, आणि सोसायटीचे छताखालचे पार्किंग, जर तिथली फरशी गुळगुळीत आणि कोरडी असेल तर. मुलांच्या वर्गाच्या वेळी त्यांच्यामध्ये शिरण्यापेक्षा प्रशिक्षकाला वेगळी वेळ मागावी, कारण वेगाने येणारे आठ वर्षांचे मूल साठीच्या माणसाला चुकवील याची खात्री देता येत नाही.

देशातल्या बर्फाची स्थिती अशी आहे. गुरुग्रामला अँबियन्स मॉलमधली रिंक छताखाली आहे आणि दिल्लीच्या विमानतळापासून जवळ आहे. बडोद्याहून दिल्ली रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर असली तरी रात्रीच्या गाडीने जाता येते. डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी बांधली गेली, दीर्घकाळ बंद राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथला भर खेळाडूंवर आहे. सिमल्याची रिंक १९२० ची, परंपरेने उघड्यावर रात्री पाणी गोठवून तयार होणारी, म्हणजे आकाश ढगाळ राहिले की बर्फ धरत नाही आणि सत्र रद्द होते. सिमल्याला स्केटिंगच्या आशेने तिकीट काढू नये; सिमल्याला जायचेच असेल तर स्केटिंगही घडो, इतकेच ठरवावे. तिन्हींत पुन्हा सुरू करणाऱ्याने गुरुग्राम निवडावे, निघण्यापूर्वी वेळा फोनवर विचाराव्यात आणि शनिवार-रविवार टाळावा.

परदेशात मात्र प्रौढांसाठी खरी सोय आहे. अमेरिकेत ‘लर्न टू स्केट यूएसए’ या कार्यक्रमात प्रौढांचा सहा पायऱ्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ येथे २००५ पासून प्रौढांची फिगर स्केटिंग स्पर्धा भरवत आली आहे, जिथे अठ्ठावीस हे किमान वय आहे आणि साठी ओलांडलेले लोक उतरतात. स्पर्धेत कोणी उतरावे असा आग्रह नाही, पण या वयात हे करणारे आपण एकटे नाही ही जाणीव मोलाची आहे. तिकडेही छताखालची रिंकच धरून चालावे. ओटावाचा गोठणारा रिडो कालवा, ज्यावर ७.८ किलोमीटरचा मार्ग तयार होतो, २०२२-२३ च्या हिवाळ्यात उघडलाच नाही.

पडण्याच्या बाबतीत बर्फ आणि सिमेंट यांची तुलना लोक वरवर करतात. बर्फ कठीण आहे, पण निसरडा असल्याने पडलेले शरीर सरकत जाते आणि आघाताचा काही भाग त्यात जिरतो. सिमेंट शरीराला धरते आणि कातडी सोलते. उलट बर्फावर मागे पडून डोके आपटण्याची भीती मोठी असते. दोन्हीकडे हात टेकून पडणाऱ्याचे मनगट मोडते, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये हा धोका विशेष असतो. म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आधी करून घ्यावी. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय कोणताच मार्ग धरू नये, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनीही तसेच विचारावे. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड चाकांवर घालायचे आणि बर्फावर काढायचे, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही: प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यातून पायाजवळची जमीन धूसर आणि वाकडी दिसते, म्हणून फक्त दूरच्या नंबरचा चष्मा वेगळा करून घ्यावा.

बुटांबद्दल थोडे अधिक. माळ्यावर जपून ठेवलेले जुने स्केट बहुधा उपयोगाचे राहिलेले नसतात. चामडे वाळते, तळव्याचा डिंक सुटतो, स्क्रू गंजतात, आणि वयानुसार पाऊलही रुंद झालेले असते. भाड्याचे बूट घ्यावेत, पण पाते बोथट असेल तर बदलून मागावे. बोथट पात्याची कड बर्फात रुतत नाही, ढकलताना पाय बाजूला निसटतो, आणि माणूस ती आपली दुबळी झालेली ताकद समजून घाबरतो. फिगर की हॉकी या निवडीत जुनी सवय ज्याची असेल तेच घ्यावे. फिगरच्या पात्याच्या टोकाला दात असतात आणि ते विसरून पुढे झुकणारा गुडघ्यावर आदळतो. हॉकीच्या पात्याला दात नाहीत, पण दोन्ही टोके गोल असल्याने पुढे-मागे डोलण्याची भावना येते.

आता निवड. पुढच्या वर्षभरात परदेशवारी किंवा गुरुग्रामचा बेत नक्की असेल तर इनलाइन घ्यावे. बर्फ लांबणीवर असेल आणि हवा आहे तो व्यायाम आणि आनंद, तर क्वाड घ्यावे आणि त्यातच समाधान मानावे, कारण तोही पूर्ण खेळ आहे. डिसेंबरच्या तिकिटाची तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करावी. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सराव सूर्योदयाच्या आधी उरकावा. जून ते सप्टेंबर ओली फरशी टाळून, ओल्या चाकांची बेअरिंगे गंजतात हे लक्षात ठेवून, घरात एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि टाचा उचलणे एवढेच रोज करावे. नवरात्रात गरबा खेळत असाल तर जरूर खेळावा. गरब्याचे रिंगण बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते आणि सार्वजनिक रिंकवरच्या फेऱ्याही सहसा त्याच दिशेने चालतात, त्यामुळे डावीकडचे वळण पायांत बसते. उजवीकडचे वळण मात्र दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, रिंक मोकळी असताना, मुद्दाम वेगळे करून घ्यावे लागेल.