गाडीच्या स्टिरिओवर छोटा म्युझिक प्लेअर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी माझ्या जुन्या हॅचबॅक गाडीच्या स्टिरिओला, मेमरी कार्डवर चालणारा एक छोटा म्युझिक प्लेअर ऑक्सच्या (बाहेरचे उपकरण जोडायच्या सॉकेटच्या) वायरने जोडून गाणी ऐकत आहे. नोकरी बेळगावात आणि आई निपाणीला, त्यामुळे दर शनिवारी जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात. शिवाय अधूनमधून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्याला जावे लागते. मोबाइल असताना वेगळा प्लेअर कशाला, असे घरच्यांनीही विचारले होते. पण कणकुंबीच्या जंगलात नेटवर्क गेले की ऑनलाइन गाणे अर्ध्यावर थांबते, आणि नेटवर्क असेल तेव्हा नेमका विलंबित ख्याल रंगात आलेला असताना कोणाचा तरी फोन येतो.

याआधी मी सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि गाणे गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर वापरत असे. काकतीपर्यंत स्वच्छ वाजणारे गाणे तवंदी घाटाजवळ दुसऱ्याच केंद्राच्या आवाजात मिसळून जाई, आणि तानपुऱ्यामागे सतत एक खरखर राही. ज्यांच्या गाडीत ऑक्सची सोय आहे, त्यांनी ट्रान्समीटरवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

वायरने जोडल्यावर मात्र एक नवीनच दुखणे सुरू झाले. प्लेअर गाडीच्या चार्जरला लावून गाणे वाजवले की स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येई. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढे आणि पाय काढला की उतरे. मी आधी वायर बदलली, मग दुसरी आणली, तरी फरक पडला नाही. शेवटी खडेबाजारातल्या एका कार-ऑडिओवाल्याने बॉनेटला हातही न लावता सांगितले, "सर, आधी चार्जर काढून बघा. अर्थिंग दोन्हीकडनं फिरायलंय." चार्जर उपसला आणि शिट्टी त्याच क्षणी थांबली. चार्जरची ऋण बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली असते आणि ऑक्सच्या वायरची अर्थही स्टिरिओमार्फत तिथेच पोहोचते. असे दोन मार्ग मिळाले की अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, विजेतली थरथर गाण्याच्या वायरीत शिरते. म्हणूनच तो आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो-उतरतो.

यावर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे गाण्याचा सिग्नल पुढे जातो पण अर्थचा जोड तुटतो. मी स्वस्तातली डबी घेतली; शिट्टी गेली, पण तबल्याच्या डग्ग्याची घुमारदार गुंज बारीक झाल्याचे जाणवले. आता मी डबी काढून ठेवली आहे, प्लेअर रात्री घरीच चार्ज करतो आणि गाडीत केवळ बॅटरीवर वाजवतो. निपाणीची जा-ये त्यात सहज भागते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. प्लेअरचा आवाज कमी आणि स्टिरिओचा जास्त ठेवला, तर स्टिरिओ गाण्याबरोबर खरखरही मोठी करतो. प्लेअर पूर्ण चढवला, तर माझ्या गाडीत वरच्या षड्जावर आवाज फाटतो. प्लेअर साधारण ऐंशी टक्क्यांवर कायम ठेवून बाकी सगळे स्टिरिओच्या बटणावर करणे मला मानवले. सुळेभावीत, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गाण्यात दोन स्वरसमूहांमध्ये जी शांतता असते, ती ही पातळी जमल्यावर मला गाडीत पहिल्यांदा ऐकू आली. त्या दिवशी मी हत्तरगीच्या पुढे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि ते गाणे संपेपर्यंत थांबलो.

आवाजातले काहीही न गाळणाऱ्या मोठ्या फ्लॅक फाइल घ्याव्यात की आकाराने लहान अशा ३२० केबीपीएसच्या एमपीथ्री, याचा महामार्गावर धावत्या गाडीत मला फरक कळत नाही, आणि टायरच्या आवाजात तो कळावा अशी अपेक्षाही नसावी. कार्डवर जागा कमी असेल तर एमपीथ्रीवर निर्धास्त राहावे.

उणिवा सांगायच्या तर स्टीअरिंगवरच्या बटणांनी प्लेअरवरचे गाणे बदलत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच यादी लावून ठेवावी लागते आणि चालवताना त्याला हात लावायचा नाही, हा नियम मी पाळतो. सहाव्या महिन्यात सरळ पिनमुळे ऑक्सचे सॉकेट सैल झाले आणि गिअर टाकताना हात लागला की डावा स्पीकर बंद पडू लागला. एल आकाराची पिन घेतल्यापासून तो त्रास थांबला आहे. उन्हाळ्यात निपाणीच्या उन्हात गाडी उभी करताना प्लेअर मी खिशात घालून नेतो, कारण बंद गाडीच्या उष्णतेत त्याची लिथियम बॅटरी लवकर खराब होते. आईसाठी त्यात अभंगांचे आणि कन्नड वचनांचे वेगळे फोल्डर केले आहे, आणि परतीच्या वाटेवर ती सोबत असली की संकेश्वरपर्यंत तेच वाजते.