मोठेपणीच्या पिंपल्सला जळगावचा दवाखाना बरा की मोबाईलवरचा डॉक्टर?

पंचविशी-तिशी उलटली तरी पुळ्या थांबत नसतील, तर डॉक्टर गाठावा हे आता कुणाला पटवायला नको. प्रश्न एवढाच, की चोपडा, अमळनेर किंवा शहाद्याहून दिवस मोडून जळगाव-धुळ्याच्या स्किन स्पेशालिस्टकडे जायचं, की घरबसल्या व्हिडिओ कॉल लावायचा.

मोबाईलच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. २०२० पासून टेलिमेडिसिनला सरकारी नियमावली आहे. एसटीची वाट बघणं नाही, मे महिन्यात तोंडाला रुमाल बांधून गाडी हाकणं नाही. (त्या घामट रुमालाच्या घासण्यानंही हनुवटीवर पुळ्या उठतात.) पुळ्या चार-दोन असतील तर दुरूनही भागतं.

सेल्फी कॅमेरा मात्र घात करतो. बऱ्याच फोनमध्ये तो त्वचा आपोआप गुळगुळीत दाखवतो. कातडीच्याच रंगाचे बारीक बंद दाणे फोटोत येत नाहीत; डॉक्टर गाल ताणून, बाजूनं उजेड पाडून ते बघतो. कपाळावर एकसारखे, खाजणारे दाणे असतील तर ते बुरशीचेही असू शकतात, आणि अशा वेळी डॉक्सीसारख्या (डॉक्सीसायक्लिन) अँटिबायोटिकनं उलट वाढतात.

पण माझं पारडं झुकलं ते वेगळ्याच कटकटीनं: कॉलवर डॉक्टर बऱ्याचदा दर वेळी नवा. पुळ्यांवर लावायच्या ॲडापॅलीन जेलचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि पहिल्या २ ते ४ आठवड्यांत चेहरा लाल होतो, साल निघते. नेमका तेव्हाच माणूस घाबरून कॉल लावतो. समोरचा नवा माणूस जेल बंद करून दुसरं लिहितो, तिसरा आणखी तिसरं. कुठल्याच औषधाचे १२ आठवडे भरत नाहीत. सुरुवातीपासून बघणारा डॉक्टर बहुधा एवढंच सांगेल: रात्री एक दिवसाआड लावा, तोंड धुतल्यावर १५-२० मिनिटं कोरडं होऊ द्या, अख्ख्या चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढंच घ्या, झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर. डॉक्सी साधारण ३ महिन्यांपलीकडे ओढायची नसते. हा हिशेबही फाईल एका हाताखाली असली तरच राहतो.

बायकांना जबड्याच्या कडेनं पुळ्या येत असतील, सोबत पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असतील, तर हार्मोनच्या तपासण्या लागू शकतात. हट्टी पुळ्यांवरच्या आयसोट्रेटिनॉईन गोळीपर्यंत गेलं तर लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या आल्या. औषध चालू असताना आणि थांबल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. हे सगळं चॅटवर उरकण्यासारखं मला तरी वाटत नाही.

दवाखान्याचीही कटकट आहेच. नंबर लागेपर्यंत दुपार होते, आणि खालच्या मेडिकलवाला चिठ्ठीतला महागडा फेसवॉश आधी पुढे करतो. पैसे कमी असतील तर औषध घ्या, फेसवॉश राहू द्या. खर्चच झेपत नसेल तर धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे वळा. तिथंही डॉक्टर बदलू शकतो, पण केसपेपर जपून नेला तर आधीचं सगळं त्याच्यासमोर असतं.

जाताना मेकअप नको, आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. 'गोरं करणारी' म्हणून घेतलेली, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन हे स्टिरॉइड असलेली ट्यूब तर लपवूच नका. ती बंद केल्यावर पुळ्या काही काळ आणखी उसळतात, आणि डॉक्टरला ट्यूब माहीत नसेल तर त्याचं खापर नव्या औषधावर फुटतं.